पंधरा दिवसांच्या बोलीवरचा कॅमेरा

फोटो स्टुडिओत किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं! मलकापुरात आमच्या मुनीरभाईंचा स्टुडिओ आहे, मी तिथं अल्बम करतो. भाईंच्या लाडक्या कॅमेऱ्याचं मॉडेल कंपनीनं बंद केलं आणि आरसा नसलेलं, आवाज न करणारं नवं काढलं. दुकानदारानं तसा एक कॅमेरा वापरायला दिला. पंधरा दिवसांत पटला तर ठेवा, नाहीतर परत करा! भाईंना पहिल्याच दिवशी परत करायचा होता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रिटायर सुभेदार, पासपोर्ट फोटोला आलेले. ताठ बसले, श्वास रोखला. भाईंनी चार फोटो काढले तरी सुभेदार तसेच, तोंड लालबुंद!

"आवं, काढा की आता!"

"काढलं की!"

"मग आवाज कुठाय?"

मी मेनू धुंडाळला. कंपनीनं खोटा 'खट्‌क' दिलेलाच होता. भाई म्हणाले, "म्हंजी कंपनीकडंबी सुभेदार गेलं व्हतं म्हणायचं!"

*

वडूजच्या लग्नात वरबाप रुसले. "एवढासाच कॅमेरा? मोठा आणा की!"

जुन्या लेन्स जोडायला कंपनीनं मधली रिंग दिली होती. भाईंनी त्यावर हातभर लांब लेन्स चढवली. वरबाप खूश! "हां, आता लगीन वाटतंय!"

*

मग एक शेतकरी बैल घेऊन दारात. हा कॅमेरा जनावराचेही डोळे ओळखतो. फोटोत बैल असा आला की पापण्या मोजाव्यात, आणि धनी मागं पार धूसर. भाई ओशाळले. शेतकरी म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. बैल बघा की, लय भारी!"

*

पंधराव्या दिवशी शेजारच्या आक्का आल्या. त्यांचे मालक वारून वर्ष झालेलं. मांडीवर त्यांचा फ्रेम केलेला फोटो घेऊन बसल्या. चेहरा सापडला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवी चौकट येते. ती आक्कांवर थांबेचना, सारखी फ्रेममधल्या मालकांवर!

भाई वैतागून माझ्या कानाशी पुटपुटले, "जित्तं माणूस समोर हाय, आन ह्यो फोटूकडं बघतोय! आजच परत देतो."

"काय झालं रं मुनीर?"

सांगावं की नाही, असं भाईंना झालं. शेवटी त्यांनी पडदा आक्कांसमोर धरला. आक्का चौकटीकडं बघत राहिल्या.

"मशीनलाबी ह्ये जित्तंच दिसत्यात व्हय रं?"

त्यांनी पदर सारखा केला. "काढ मग."

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. भाई एवढंच म्हणाले, "न्हाई देत."