प्रार्थनेचा विषय, नावासह

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी जी तोंडं गाण्यासाठी उघडतात, त्यांतल्या निदान वीस तोंडांत माझ्या नवऱ्याने केलेली कवळी आहे. कोणत्या वीस, ते मला एकतीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. आमचे हे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत काम चालतं. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाचे पत्रे, स्पिरिटचा दिवा आणि टेबलाखाली पांढरा भुगा, जो मी रोज झाडते आणि रोज असतो. पाळकांच्या सासूबाईंचे दात खरे का, असं मी एकदा सहज विचारलं होतं. यांनी ताकास तूर लागू दिली नाही. म्हणाले, त्या हसतात छान, एवढं मला माहीत आहे.

अशा माणसाला मंडळीने गटपुढारी केलं ही देवाचीच करणी, कारण कमिटीला एवढी अक्कल असती तर पुढचं काही घडलंच नसतं. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आमच्या त्याच खोलीत आठ-नऊ माणसं बायबल अभ्यासाला जमायची. साचे फळीवर सरकवायचे, टेबल पुसायचं, खुर्च्या कमी पडल्या की मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणायचं. यांना भाषण येत नाही. एक उतारा वाचायचा, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, एवढीच यांची पद्धत. सुरुवातीला मला त्या शांततेची लाज वाटायची, म्हणून मीच आतून काहीतरी उत्तर फेकायचे. एकदा सगळे गेल्यावर हे म्हणाले, "अगं, मेण निवायला वेळ लागतो. घाईने उपटलं की दात वाकडे बसतात. माणसांनाही दे की थोडा वेळ."

तेव्हापासून मी तोंडाला कुलूप घातलं, आणि काय सांगू, माणसं बोलायला लागली. आजारी माणसाला त्याच्या मित्रांनी छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडलं, ती गोष्ट एका गुरुवारी होती. आमच्या गटातले मुकादम, बांधकामावर पंचवीस माणसं हाताळणारे, पन्नाशी ओलांडलेले, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबावा, ते एकदम म्हणाले, पण मागाहून ते छप्पर दुरुस्त कोणी केलं? सगळे खो खो हसले. हे हसले नाहीत. हाच प्रश्न यांनी सगळ्यांपुढे ठेवला आणि तास कसा गेला कळलं नाही. दुसऱ्यासाठी धावताना तिसऱ्याचं नुकसान झालं तर ते कोणी भरायचं, यावर आमची म्हातारी नर्सबाईसुद्धा बोलली, जी वर्षभर नुसती मान हलवत होती.

यांचे नियमही दोनच. कोणी मन मोकळं केलं तर मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि कोणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जायचं, पण का आला नाहीत असं विचारायचं नाही, फक्त तुमची खुर्ची रिकामी होती एवढं सांगून यायचं. शिष्य घडवणं म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नाही, ह्या दोन गोष्टींतून कळलं.

आता मुकादमांचं ऐका. तेव्हा गटात आळीपाळीने एकेक वचन वाचायची पद्धत होती. मुकादमांची पाळी आली की चष्मा घरी राहिलेला असायचा. पुढच्या गुरुवारी डोळा आलेला, त्याच्या पुढच्या गुरुवारी घसा बसलेला. चौथ्या गुरुवारी यांनी पद्धतच बदलली. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं आणि मग आपल्या शब्दांत सांगायचं. मुकादम सगळ्यांत सरस सांगायचे. पद्धत का बदलली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्यासुद्धा.

महिन्याभराने मुकादम स्वतःच अर्धा तास लवकर आले आणि यांना सांगून बसले की आपल्याला वाचता येत नाही. नकाशातल्या रेघा कळतात, कामावरच्या चिठ्ठ्या कारकून वाचून दाखवतो, घरी बायको सांभाळून घेते. मुलीला मात्र माहीत नव्हतं. मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिच्या लहानपणी प्रत्येक प्रगतिपुस्तक मुकादमांनी हातात घ्यायचं, वरून खालपर्यंत बघायचं, कपाळाला आठी घालायची, "गणितात लक्ष दे" म्हणायचं आणि चित्र काढावं तशी सही ठोकायची. पोरगी बिचारी जन्मभर गणिताला घाबरली.

त्या दिवसापासून गुरुवारी साडेपाचला त्यांची शाळा भरायला लागली. हे मेणाच्या पत्र्यावर कोरणीने अक्षर कोरायचे. मुकादम त्या खोबणीतून बोट फिरवायचे, अक्षर मोठ्याने म्हणायचे, मग पत्रा दिव्यावर धरला की अक्षर गायब. कागद नाही, वही नाही, कुठे पुरावा नाही. मी आत चहा टाकत असायचे म्हणून मला माहीत. चार महिन्यांत गडी जोडाक्षरांवर आला. मग एक सहा वचनांचं स्तोत्र घेतलं, त्यातली पाच तो अडखळत का होईना वाचायला लागला. तिघांना ठाऊक होतं, त्या दोघांना आणि मला.

आणि अशात आमच्या मंडळीवर फाइलमास्तर अवतरले. हे गृहस्थ एका कचेरीतून निवृत्त झालेले, गटपुढाऱ्यांच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना एक निळी फाइल घेऊन आले. कमिटीने त्यांना लगेच सगळ्या गटांचे संयोजक केलं. झालं, दर आठवड्याला फॉर्म. हजेरी किती, गाणी किती मिनिटं, धडा पूर्ण की अपूर्ण, प्रत्येक सभासद शिष्यत्वाच्या कितव्या पायरीवर, एक ते पाच आकडा टाका. माणूस आहे की गॅसची शेगडी? आणि शेवटचा रकाना, "प्रार्थनेचे विषय, नावासह". नावासह कशाला? देवाला नाव-पत्ता दिल्याशिवाय माणूस सापडत नाही का? मंडळीत असे कितीतरी लोक आहेत ज्यांना शेजारणीच्या घरातलं भांडण नुसतं सांगायला लाज वाटते, म्हणून ते डोळे मिटून सांगतात. चहाडीच्या शेवटी आमेन लावलं की तिची प्रार्थना होत नाही, हे त्या शिबिरात कोणी शिकवलं नाही वाटतं.

हे फक्त हजेरी भरायचे आणि बाकीचा फॉर्म कोरा द्यायचे. तीन आठवडे असे गेल्यावर फाइलमास्तरांनी उपासना सुटल्यावर भर दारात, चारचौघांत म्हटलं की कवळीवाल्यांच्या गटात काही वाढ दिसत नाही, एखाद्या प्रशिक्षित माणसाकडे गट द्यावा लागेल. हे नुसते हसले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की माझा सगळा रविवार भांडी आपटण्यात गेला.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. पुढचा फॉर्म मी भरला. यांचे हात प्लास्टरमध्ये होते, मी म्हटलं आणा इकडे, मी बघते. सगळ्यांना चार-चार, पाच-पाच आकडे दिले. आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं की एक भाऊ पन्नाशीनंतर अक्षरं शिकत आहेत, फार प्रगती आहे. नाव लिहिलं नाही. स्वतःला मोठी शहाणी समजले. शनिवारी फाइलमास्तरांचा फोन आला, किती सुंदर साक्ष आहे ताई, कोणते बंधू, फक्त प्रार्थनेसाठी हवंय, माझ्यापुरतं. आणि मी नाव सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. खरं सांगायचं तर मला त्या माणसाला दाखवायचं होतं की माझा नवरा काय करतो ते बघ, तुझी फाइल घाल चुलीत.

रविवारी समोर उभं राहून त्यांनी ते वाचलं. नावासह, धंद्यासह. निरक्षरतेच्या अंधारातून आपले हे बंधू प्रकाशाकडे येत आहेत, वगैरे वगैरे. दोनशे माना वळल्या. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मुकादमांच्या हातात गाण्यांचं पुस्तक उघडं होतं आणि शेजारी मुलगी बसली होती. त्यांनी पुस्तक मिटलं, बाकावर ठेवलं आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेले. मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली.

गुरुवारी साडेपाचला मुकादम आले, पण बसले नाहीत. मी आत चहाच्या भांड्यापाशी होते.

"दादा, तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो," हे म्हणाले. "माझ्या घरातून बाहेर गेलं. मला माफ करा."

बस. एवढंच बोलणं झालं. मुकादम गेले. हे आत आले, चहा घेतला आणि खुर्च्या मांडायला लागले. फॉर्म कोणी भरला हे यांना माहीत नव्हतं का? पण शब्द नाही. हे ओरडले असते तर मीही ओरडले असते, त्या फाइलची, त्या रकान्याची, त्या कमिटीची सगळी उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणणार.

दोन आठवडे मुकादम आले नाहीत. नियमाप्रमाणे हे त्यांच्या दारात जाऊन आले, दोन्हीदा दार बायकोने उघडलं आणि ते घरी नाहीत म्हणून सांगितलं. मंडळीत बोलणं सुरू झालं की कवळीवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. ज्या माणसाने सख्ख्या बायकोला पाळकांच्या सासूचे दात सांगितले नाहीत, त्याच्याबद्दल हे! आणि मग फाइलमास्तर स्वतः घरी आले. म्हणे, गटात ऐकलेलं गुप्त कसं ठेवावं यावर एक खास वर्ग ठेवला आहे, तुम्ही आलात तर बरं होईल. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या काय असतात? मी दारातच त्यांना धरलं. म्हटलं, समोर उभं राहून वाचलं कोणी, माझ्या नवऱ्याने?

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "नाव तर तुम्हीच दिलंत."

हे टेबलापाशी दात बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "ते मला माहीत आहे. वर्गाला मी येईन."

गप्प कसं राहावं हे शिकायला हा माणूस वर्गात जाऊन बसणार, तेही माझ्यासाठी. त्या क्षणी फाइलमास्तरांवरचा राग होता तिथेच होता, अजूनही आहे, पण त्याच्या आडोशाला मला उभं राहता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधकामावर गेले. मुकादम पहिल्या मजल्यावर लाकडी फळ्या काढून घेत होते. मला पाहून त्यांनी माणसांना लांब पाठवलं. मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, मुकादम, यांनी कोणाला काही सांगितलेलं नाही. फॉर्म मी भरला आणि फोनवर नाव मी सांगितलं, मोठेपणासाठी. तुम्हाला बोलायचं ते मला बोला.

त्यांनी हातमोजे काढून फळ्यांवर ठेवले.

"दादांना उगाच दोष दिला," ते म्हणाले. "गुरुवारी येऊन त्यांचे पाय धरीन."

मला वाटलं, सुटले. मी विचारलं की मुलगी काही बोलली का, रागावली का.

"रागावली असती तर बरं होतं, वहिनी." आवाज एवढा हळू की ह्याच माणसाचा का, असं वाटावं. "ते स्तोत्र मी तिला वाचून दाखवणार होतो. एकच वचन राहिलं होतं. आधी वाचायचं आणि मग सांगायचं, की हे मला काही महिन्यांपूर्वी येत नव्हतं. परवा तिने शाळेतून बाराखडीचं पुस्तक आणलं. माझ्या शेजारी बसली, माझं बोट धरून अक्षरावर ठेवलं. मला ते अक्षर येतं, हे सांगायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, क. तर म्हणाली, शाबास बाबा."

माफी मागितली ती मला स्वतःलाच ऐकू आली नाही. मी येते म्हटलं आणि जिन्याकडे वळले.

"सावकाश जा, वहिनी," मागून ते म्हणाले. "खाली खिळे पडलेत."