थोंगदाम काकूचा सोरा

बाणाच्या दारूत घालायचा सोरा करावा तर आमच्या थोंगदाम काकूनेच. गुहेतून वटवाघळांची माती आणायची, राखेच्या पाण्यातून गाळायची, उकळायची. गरम पाणी सोरा पोटभर पिऊन घेतं, पण निवायला लागलं की त्याला तो झेपत नाही. लांब लांब सुया तळाशी धरतात. मीठ लबाड, ते गार पाण्यातही लपून राहतं. पाऊस मागायला दरवर्षी गावोगाव आभाळात बाण सोडतात; चाळीस वर्षं आमच्या नोंगवा गावाचे बाण तिच्याच सोऱ्यावर चढले. बाण भरायचा तो तिचा धाकटा भाऊ चांथी. भरल्या बाणाला बाईने शिवायचं नाही, आणि काकू कधी शिवली नाही.

त्या वर्षी आधी शेजारच्या गावाचा बाण सुटला. काय चढला म्हणता! काकूसुद्धा "गेला गं बाई, गेला!" म्हणत टाळ्या पिटत होती. आमचा मात्र मचाणावरच फुसफुसला आणि आडवा झाला.

"बाई शिवली असणार!" चांथी ओरडला.

झालं! बाण फसला की भरणाऱ्या पुरुषांना चिखलात लोळवतात. त्या वर्षी आम्ही काकूलाच चिखलात ढकललं. आम्ही म्हणजे मीही. सांगताना जीभ जड होते.

ती उठली, तोंड पुसलं. "चांथी, उरलेला सोरा आण."

"जाऊ दे ना ताई, होतं असं कधी."

"आण म्हणते ना!"

तो हलेना, म्हणून त्याच्या घरून मीच आणला. काकूने तो कढत पाण्यात विरघळवला, भांडं विहिरीच्या गार पाण्यात ठेवलं आणि चिखलाने माखलेली तशीच शेजारी बसली. ऊन कललं तेव्हा तळाशी चिमूटभर सुया होत्या. वरचं पाणी तिने चुलीवर आटवलं, तर पांढरे खडे भांडंभर! त्यातला एक तिने माझ्या हातावर ठेवला. "चाख." मीठ होतं. निव्वळ मीठ.

चांथी खाली बघत म्हणाला, "शेजारच्या गावाने चांगला सोरा मागितला. म्हैस देतो म्हणाले."

"म्हणजे मघाचा तो बाण..."

"तुझ्याच सोऱ्याचा, ताई."

काकूने मिठाचं भांडं त्याच्यापुढे पालथं केलं. "सोरा विकलास, मीठ कालवलंस, तेही गिळलं असतं रे मी. पण 'बाई शिवली' हे सगळ्यांच्या आधी तूच ओरडलास."

पुढच्या वर्षी आम्ही हात जोडून तिच्या दारी गेलो. चूल थंड होती. सोरा उकळायची कढई तिने शेजारच्या गावाला देऊन टाकली होती. सोरा कसा करायचा, तेही त्यांच्या बायकांना शिकवून आली होती.