समेवर गिअर

शिवाण्णा खुर्चीत बसत नसत, खुर्चीला नुसते टेकत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांचं विहिरीच्या पंपांचं दुकान होतं, दुकानामागे घर, आणि त्यावरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. गल्लीतून एखादी गाडी गेली की ते गिऱ्हाइकाला तसंच सोडून दाराशी यायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिसऱ्यात वढतोय बग. दुसरा टाक की, बाबा." गाडीवाला तोवर केव्हाच पुढच्या पेठेत पोचलेला असायचा, आणि गिऱ्हाईक पंपाची किंमत विचारून विचारून कंटाळलेलं.

रविवारी टीव्हीवर परदेशातली मोटारशर्यत असायची. तेव्हा टीव्ही मुका आणि शेजारी टेप चालू, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. वळणावळणाचा ट्रॅक असला तर तबला, लांब सरळ रस्ता असला तर सनई, आणि पाऊस पडत असला तर सतार. "ते विंग्रजीत बडबडतंय, त्याला काय ताल हाय का?" म्हणायचे. गाड्या वळणाला आल्या की त्यांचा उजवा पाय सतरंजीवर ब्रेक दाबायचा. महादेवीकाकू आतून कानडीत म्हणायच्या, "सुम्न कुंद्री." गप बसा, एवढाच अर्थ. लग्न झाल्यापासून हा हुकूम एकदाही पाळला गेला नव्हता.

मठातल्या भजनात ते तबल्याला बसत. हात बरा होता, पण धीर नव्हता. आरती त्यांच्या तावडीत सापडली की लय चढत जायची, म्हातारी मंडळी धापा टाकायची आणि प्रसाद लवकर मिळायचा. आम्ही मुली त्यावर खूश असायचो.

मला गाडी त्यांनीच शिकवली, तीही तीनतालात. "गिअर समेवर पडला पायजे. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात फक्त ऐकायचं." त्यांच्या जुन्या लाल गाडीत तबल्याची टेप लावून, विजापूर रस्त्यावर मी समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, 'धा' यायची वाट बघत क्लच दाबून बसायचे आणि मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून जीव नकोसा करायचा. अजूनही सिग्नल सुटला की मी मनात मात्रा मोजते. मला त्याची लाज वाटत नाही.

मग अण्णांना काचबिंदू निघाला. बाजूची नजर गेली आहे, गेलेली परत येणार नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अण्णांनी दवाखान्याच्या पायरीवरच त्याचा निकाल लावला. "समोरचं दिसतंय की. शर्यतीत बाजूचं बगून करायचं काय?" काकूंनी किल्ली लपवली. अण्णा घरातल्या घरात इतके फिरायला लागले की मला वरच्या मजल्यावर त्यांची पावलं ऐकू यायची.

त्यातच बार्शीजवळच्या माळावर मातीच्या ट्रॅकची शर्यत असल्याचं त्यांच्या कानावर आलं. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. जुन्या गाड्यांचा गट वेगळा, शेजारच्या सीटवर एक माणूस बसलेला चालतो. अण्णांनी जन्मभर शर्यती बघितल्या होत्या, स्वतः एकदाही उतरले नव्हते. "एकदाच, सुनंदा. पुन्ना किल्ली मागणार न्हाय. काकूला मी सांगतो." काकूंना त्यांनी अर्थातच काही सांगितलं नाही. किल्ली कुठून काढली, देव जाणे.

मी सोबत गेले ती त्यांना वाटेतून परतवायला. गाडी मीच चालवत होते. "डोळे राखून ठेवतो," म्हणून ते डोळे मिटून बसले होते, आणि बोटं डॅशबोर्डवर चाललेली. वैराग येईपर्यंत माझी सगळी कारणं सांगून संपली.

माळावर पोचल्यावर ते ट्रॅक पायी फिरून आले, प्रत्येक वळणाला हातावर ताल देत. "चौथ्या वळणाला तिहाई बरोबर बसतीया," म्हणाले; तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की परत चला म्हणायचं मी सोडून दिलं. ते चालवायला बसले, मी शेजारी. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

गाडी रेषेवर उभी राहिली. टेप चालू झाली. झेंडेवाला अण्णांच्या उजव्या हाताला, खिडकीपासून थोडाच दूर उभा होता. त्याने झेंडा वर नेला आणि खाली आणला. गाडी हलली नाही. अण्णा समोर बघत होते, पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबलेला. झेंडेवाल्याने पुन्हा झेंडा हलवला. मागची गाडी भोंगा वाजवायला लागली.

"पडला का गं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"पडला, अण्णा."

"कुटं?"

त्यांनी गाडी बंद केली, तशी टेपही थांबली.

"उतर," ते म्हणाले. "तू हिकडं बस. मी तिकडं येतो."

पंचांनी कुरकुर करत आम्हाला सोडलं. मी चालवली. टेप पुन्हा लावायचं भान कुणालाच नव्हतं, पण अण्णा सबंध ट्रॅकभर तोंडाने बोल म्हणत होते, आवाज धुळीने बसला तरी. आमच्या गटात आम्ही शेवटचे आलो.

परत निघालो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तिसऱ्या वळणाला माझा ब्रेक उशिरा लागला."

"लागला की," ते म्हणाले. वैराग मागे पडलं. मग ते काचेतून बघत सहज म्हणाले, "दिवे लाव, सुनंदा. अंधार पडलाय."

ज्वारीच्या कणसांवर अजून चांगलं ऊन होतं. मी दिवे लावले. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने हाताची बोटं उघडून मिटून खूण केली, दिवे चालू राहिलेत म्हणून. सोलापूर येईपर्यंत मी ते बंद केले नाहीत.