डोळ्यातला कचरा

आळेफाट्याला ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकणाऱ्या वजीरचा राग कधी कुणावर निघेल याचा नेम नसे. हॉर्न वाजवून घाई करणाऱ्या एका ड्रायव्हरला त्याने केबिनमधून खाली ओढून बदडला होता. नंतर स्वतःच चहा पाजला, हेही खरं. पण आधी बदडला. रक्तदाबाची गोळी त्याने दोन वर्षांपूर्वीच सोडली. गोळीने अंग ढिलं पडतं म्हणे!

या माणसासमोर बारा वर्षं टिकला तो एकटा सुनील. वजीर सांडशीत लाल झालेला पाटा ऐरणीवर धरायचा, ‘हां’ म्हणायचा, आणि सुनीलचा घण पडायचा. ‘हां’च्या आधी घण नाही, एवढा एकच कायदा दोघांत होता.

त्या मंगळवारी सकाळी दहाला घण पडला आणि वजीरच्या डाव्या डोळ्यापुढे एकदम काळं आलं. दुखलं नाही, टोचलं नाही, पाणीही आलं नाही. गेल्या आठवड्यात दोनदा तो डोळा असाच पाच-दहा मिनिटं अंधारला होता, पण तोंडावर पाणी मारून वजीर कामाला लागला होता. आज काही केल्या उजळेना. पाट्याच्या धंद्यात डोळ्याला आजार एकच ठाऊक: कचरा. लोखंडाची कपची उडाली, डोळ्यात गेली. मग ती उडवली कुणी?

“हां म्हणायच्या आत मारलास, सुन्या!”

“न्हाई वो वजीरभाई, तुमी म्हणला...”

पुढचं तोंडातच राहिलं. वजीरची मूठ बसली आणि सुनील ऐरणीवर तोंडघशी आपटला. उठतोय तोवर बरगडीत लाथ बसली. रक्ताबरोबर एक दात मातीत पडला. तिसऱ्यांदा मात्र वजीरला अंतरच कळलं नाही. मूठ हवेत गेली आणि तो स्वतःच पाट्यांच्या ढिगावर कोसळला. चार गॅरेजवाले बघत उभे होते. मध्ये पडायची छाती एकाचीही झाली नाही.

सुनीलने तोंडाला टॉवेल बांधला आणि मोटरसायकलला किक मारली. “मागनं मारा. पयलं डोळ्याचं बघू.”

पिंपळवंडीची झुंबरबाई जिभेच्या टोकाने डोळ्यातला कचरा काढते. फाट्यावरची निम्मी गॅरेजं तिच्याकडेच जातात. तिने वजीरची पापणी उलटून जीभ फिरवली, तळहातावर थुंकून पाहिलं.

“कायबी न्हाई. दुकतंय का?”

“न्हाई.”

“दुकत न्हाई, तर कचरा कसला?”

दिवसभरात शहाणपणाचं एवढं एकच वाक्य कुणी बोललं, आणि या बाबाने तेच ऐकलं नाही. भांडी लाथाडून त्याने तिला आणखी दोनदा जीभ फिरवायला लावली. शेवटी तिने पट्टी बांधून, “असलं तर पाण्यासंगं येईल,” म्हणून त्याला ओटीवर निजवलं. तो चारपर्यंत तिथेच पडून राहिला.

तरीही डोळा उजळेना, तेव्हा सुनीलने त्याला नारायणगावला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी सुनीलच्याच तोंडाकडे पाहिलं. “पेशंट कोण?”

मग वजीरच्या डोळ्यात थेंब टाकून, उजेड मारून त्यांनी बराच वेळ तपासलं.

“डोळ्यात कण नाही. आतल्या पडद्याला रक्त नेणारी धमनी बंद पडलीय. कचरा म्हणायचाच तर तो रक्तात होता. मानेतून नाहीतर हृदयातून गुठळी आली असणार.”

“मग काढा की.”

“सकाळी लगेच आला असता तर काही करून पाहिलं असतं. खात्री तेव्हाही नव्हती. आता पडदा मेलाय, ही नजर परत येणार नाही. आणि तशीच गुठळी मेंदूत जाऊ शकते. आत्ताच्या आत्ता पुण्याला जा.”

त्या पुण्याला फोन करायला बाहेर निघाल्या, तर वजीर मागून ओरडला, “बाई, म्हंजे बाहीरनं काय लागलंच न्हाई? घणानं उडून?”

“ओरखडासुद्धा नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा वजीरला इतकी लाज वाटली, की डोळा गेल्याचंही त्याला क्षणभर भान राहिलं नाही. सुनील त्याच्या डाव्या हाताला, बाकड्यावर बसला होता. त्या बाजूला आता नुसता काळोख होता. माफी मागायची सवय नव्हती, शब्द सापडेना. म्हणून त्याने त्या सुजलेल्या गालावरून फिरवायला चाचपडत हात पुढे केला.

हात पोचायच्या आधीच बाकडं करकरलं. सुनील मागे सरकला होता, दोन्ही हात तोंडापुढे धरून.