काळ्या पडद्यावरची कासवी

विनायक गेला त्या मंगळवारी सकाळी मी पेडण्याच्या बसस्टँडवर होतो. वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या… त्याच्या गावची, मोरजीची बस समोर उभी होती. मी चढलो.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. तो कादंबऱ्या लिहायचा आणि पहिलं वाचन माझं. बरीच वर्षं तेच शेवटचंही असे. प्रकाशकाकडचे गठ्ठे तसेच परत यायचे. मग त्याने कासवांची अंडी राखणाऱ्या एका मच्छीमाराच्या विधवेवर कादंबरी लिहिली आणि ती वाचून मुंबईहून एक तरुण दिग्दर्शक थेट त्याच्या ओसरीवर आला. त्या दिवशी विनायकने स्वतःच्या चहात दोनदा साखर घातली.

बोलणी ठरत आली तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "सर, कासवी अंडी घालते तो प्रसंग खरा घेऊ. किनाऱ्यावर मोठे दिवे लावू."

"दिवे बघून ती परत फिरेल."

"एखादी फिरली तर…"

"मग फिरलेल्या कासवीचा सिनेमा काढा. माझी कादंबरी नको."

दिग्दर्शक उठून गेला. आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट फाटकाबाहेर जाताना विनायक बघत राहिला. तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "गेलो तुमचो सिनेमा. आता पेज जेवया, निवता." तो इतका हसला की मलाही पेजेला बसावं लागलं.

पावसाळा सरल्यावर दिग्दर्शक परत आला. दिव्यांचा हट्ट त्याने सोडला होता.

म्हापशाच्या थिएटरात आम्ही सगळे गेलो; गावातल्या बाया तर बस ठरवून आल्या. तो प्रसंग आला आणि पडदा काळा झाला. नुसती लाट, आणि वाळू उपसल्याचा आवाज… कुणी खोकलंही नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारी कुजबुजली, "हालू नाका गो, ती भियेतली!" विनायकने माझा हात घट्ट धरला. पुढे परदेशांतून बक्षिसं आली, आवृत्त्या निघाल्या, त्याच्या आणखी कादंबऱ्यांवर चित्रपट झाले. शाली-श्रीफळं घेऊन घरी आला की तो मात्र त्या म्हातारीचंच वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचा.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. दिवेलागणीला त्यांनी देवापाशी निरांजन लावलं. समुद्राकडचा दिवा लावला नाही. पलीकडे वाळूवर झोपडीवजा हॉटेल चालवणाऱ्या शॅकवाल्यानेही सिनेमा पाहिल्यापासून कासवांच्या हंगामात आपले दिवे उतरवून ठेवलेत. विनायक नाही. किनाऱ्यावर काळोख आहे आणि कासव्या वर येत आहेत.