भिंतीला अळंबी फुटली तेव्हा...

गेल्या मंगळवारी सकाळी हातात चहा होता आणि रिझवानाचा फोन आला. "मॅडम, भिंतीतून काहीतरी उगवलंय. येऊन बघता का जरा?"

मला वाटलं, ओल आली असेल. जाऊन बघते तर मीच लावलेल्या पॅनेलच्या कडेतून चक्क अळंबी बाहेर आलेली! पांढरी, गुबगुबीत, एकीवर एक... सोलापूरच्या उन्हाळ्यात, बंद खोलीत. मी नुसती बघतच राहिले.

थोडं मागचं सांगते. मी आर्किटेक्ट. रिझवाना स्पीच थेरपिस्ट, कानाला नवीन मशीन बसवलेल्या लहान मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवते. तिची खोली सोलापूरच्या पूर्व भागात, आणि भिंतीपलीकडे टॉवेल विणायचे माग. दिवसभर खटखट, खटखट... आपले कान सरावतात, पण त्या मशीनला काय कळणार, बाईंचा आवाज कुठला आणि मागाचा कुठला!

मला तेव्हा एका गोष्टीचा नाद लागला होता. माळशिरसकडून उसाचा चोथा आणायचा, त्यात अळंबीचं बी मिसळायचं आणि साच्यात भरून ठेवायचं. बुरशीचे धागे चोथ्याला घट्ट धरतात आणि थर्माकोलसारखं हलकं, आवाज पिणारं पॅनेल तयार होतं. साचे कम्प्युटरवर डिझाइन केलेले, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कापलेले... कुठे केसाइतकाही फरक नाही. शेवटी पॅनेल तापवून आतली बुरशी मारायची, की झालं. तशीच पॅनेल मी रिझवानाच्या मागाकडच्या भिंतीला लावली होती.

म्हणजे, मला वाटलं होतं ती मेली...

काय चुकलं, खरंच कळेना. पॅनेल नीट तापली नव्हती? की कूलरची ओली हवा थेट त्या भिंतीवर येत होती म्हणून? फाइल पुन्हा उघडून बघितली. माप सगळं बरोबर होतं. पण फाइलमध्ये अळंबी थोडीच दिसणार!

एक मात्र नक्की होतं, लहान मुलं बसतात तिथे हे ठेवायचं नाही. आधी अळंबी कापून पिशवीत बांधली, खोली पुसून घेतली आणि पॅनेलचे स्क्रू सोडवायला लागले. तेवढ्यात रिझवानाकडे शिकायला येणारी छोटी लावण्या आणि तिची आई आल्या. "आल्याच आहेत तर थोडा वेळ घेते," म्हणत रिझवाना पलीकडच्या कोपऱ्यात त्यांना घेऊन बसली.

त्यांचा खेळ साधा होता. रिझवाना तोंडासमोर कापड धरून हळूच एक आवाज काढणार, आणि तो ऐकू आला की लावण्याने एक मणी वाटीत टाकायचा. पोरगी गंभीर चेहऱ्याने मणी गालाशी धरून बसायची... आवाज आला की टप्प.

इकडे मी शेवटचं पॅनेल उतरवलं. आणि लावण्या भराभर मणी टाकायला लागली. टप्प, टप्प, टप्प... रिझवाना तर गप्प बसली होती!

मला आधी काही कळेचना. मग लक्षात आलं, ती मागाच्या ठोक्यावर मणी टाकत होती.

खरं सांगते, पॅनेल लावल्यापासून आवाज कमी झालाय असं रिझवाना म्हणायची, तेव्हा ती मला बरं वाटावं म्हणून बोलत असेल असंच वाटायचं. आता पॅनेल हातात, भिंत उघडी, आणि पोरगी मागाला उत्तर देतेय... आनंद मानू की रडू, तेच समजेना.

लावण्याची आई विणकरांच्या घरातली. ती म्हणाली, "आम्हाला हा आवाज ऐकूच येत नाही ओ. पोरीला येतोय की... तेवढं परत लावा की मॅडम."

परत लावा. पण कसं? माझ्याकडचा ओव्हन छोटा, आणि पुन्हा अर्धवट तापली तर पुन्हा तेच. शेवटी रिझवानाच म्हणाली, "माझ्या मामूंची बेकरी आहे. विचारू का?"

मामूंनी पॅनेल हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. "म्हणजे ही बुरशी?" मी हो म्हटलं. "अगं बेटी, पावाला बुरशी येऊ नये म्हणून माझा जन्म गेला, आणि तू ती भट्टीत घालायला आणलीस?"

रिझवानाने मण्यांची हकिकत सांगितली. मामूंनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "पाव निघाल्यावर भट्टी निवते, तेव्हा ठेवा. खाली ठेवायला पत्रे मात्र तुमचे आणायचे. आणि गिऱ्हाइकांना एक शब्द बोलायचं नाही."

तसंच केलं. निवत्या भट्टीत पॅनेल छान कडक झाली, आतपर्यंत कोरडी. परत भिंतीला लावताना कळलं, एक जरासं वाकलंय, त्याचा सांधा काही केल्या जुळेना. कम्प्युटरने केसभर फरक न ठेवता काढलेली रेष, आणि फट बुजवली शेजारच्या कारखान्यातल्या टाकाऊ सुताने... आता हे काम कुठल्या तंत्रातलं म्हणायचं, मला तरी सांगता येत नाही.

कूलरचं तोंड फिरवलंय. तरी रोज सकाळी मी रिझवानाकडे भिंतीचा फोटो मागते. बिचारी न चुकता पाठवते.

काल मात्र तिने फोटोऐवजी व्हॉइस नोट पाठवली. लावली... काहीच नाही. मोबाइल बिघडला वाटून आवाज वाढवला. बारीकसा पंखा, बस्स. खाली तिचा मेसेज होता, "शेजारी माग चालू आहेत."

मी ती नोट पुन्हा लावली. मग आणखी एकदा. काहीही ऐकू आलं नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता... मामू, थँक यू.