नंबराचं चाक

दोन्ही डोळे धडधाकट असताना सगळी गल्ली त्याला एकडोळ्या म्हणायची. फोटोग्राफर माणूस, एक डोळा मिटून बघायची सवय हाडात मुरलेली. दूधवाल्याने माप बुडवलं की याचा डावा डोळा बंद. भाजीवालीचा तराजू झुकला की डावा डोळा बंद. बायको "डोकं दुखतंय" म्हणाली तरी आधी डोळा मिटायचा, मग विचारायचा, "कधीपासून?" ती म्हणायची, "अहो, मी फोटो काढून घ्यायला नाही बसले."

स्टुडिओ त्याचा आणि मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मऊ बोलणारा, मायनस तीनचा चष्मा लावणारा. छपाई, अल्बम, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत, सगळं तोच सांभाळायचा. कॅमेऱ्याला मात्र एकडोळ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

जुना कॅमेरा होता तोवर ठीक होतं. डोळा लावून बघायची त्याची खिडकी कशी ऐसपैस. नवरीची पापणी लवली तरी दिसायची. तो बंद पडला आणि नवा आला, तो किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा. भिंग जुनंच, हाताने फिरवून फोकस करायचं. खिडकीच्या बाजूला एक बारकं चाक होतं. ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे ते जुळवायचं. समोरच्या माणसाकडे बघायचंच नाही, खिडकीतली बारीक चौकट रेखीव दिसली की चाक जुळलं. ते चुकलं तर डोळा फसतो आणि डोळ्यामागून बोटंही फसतात.

तशी ती फसली. कारखान्यातल्या साहेबांच्या निरोपाचा फोटो आला, त्यात साहेब धुरकट आणि मागची कुंडी पानापानासकट स्वच्छ. साहेब म्हणाले, "निवृत्त मी झालोय. कुंडी नाही."

एकडोळ्याने चाक पाहिलं तर ते मायनसच्या टोकाला. परत आपल्या डोळ्याला जुळवलं. पुढच्या कामाला कॅमेरा काढला तर चाक पुन्हा टोकाला. त्याच्या मनात पाल चुकचुकली. चाक आपलंआपण फिरत नाही. ते कुणीतरी आपल्या डोळ्यासाठी फिरवतं. आणि मायनसचा डोळा स्टुडिओत एकच.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. मेहुणा फोन आला की बाहेर जातो. आपण आलो की बोलणं आवरतं घेतो. अंगात नवा शर्ट. म्हणजे पठ्ठ्या आपल्यामागे आपल्याच कॅमेऱ्यावर स्वतःच्या ऑर्डरी घेतोय. उद्या समोरच्या गाळ्यात पाटी लावेल. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला ठाऊक होतं. कुठे मुरतंय तेही आता कळलं.

दुसऱ्या दिवशी चाक टोकाला सापडलं, तसंच ठेवून त्याने मेहुण्याला हाक मारली. "चष्मा काढ आणि यातून बघ जरा."

"कशाला, दाजी?"

"बघ म्हटलं ना. चौकट कशी दिसते?"

मेहुण्याने डोळा लावला. भाबडेपणाने म्हणाला, "लख्ख."

एकडोळ्याचा डावा डोळा मिटला. "बस. आणखी काही विचारायचं नाही मला."

मेहुण्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, खिशातून स्टुडिओची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "दाजी, मी मघाशी खोटं बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

घरी बायकोने ताट वाढलं. समोर बसली नाही. "तो माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही," ती आतूनच म्हणाली. "त्याला फोटो काढता येत नाही म्हणून सांगते. माणसांची मुंडकी कापतो तो."

"मुद्दाम कापत असेल," एकडोळ्या म्हणाला.

सकाळी शाळेत शिक्षकांचा फोटो होता. स्टुडिओत त्याने चाक आपल्या डोळ्याला जुळवलं, बायकोने शिवलेल्या कव्हरात कॅमेरा स्वतः कोंबला आणि खांद्याला लावला. शाळेच्या पटांगणात रांगा लागल्या. त्याने कॅमेरा ओढून काढला, डोळा लावला. सगळे शिक्षक धुक्यात.

चाक मायनसच्या टोकाला.

पहिला विचार आला तो दुसऱ्या किल्लीचा. नक्की करून ठेवली असणार. पण कॅमेरा तर मघापासून खांद्यावर होता.

"हसत राहू का अजून?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"थांबा जरा." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चाक जुळवलं. कॅमेरा कव्हरात घातला, ओढून काढला आणि कान टवकारले. कव्हराच्या काठाने चाकाला घासत नेलं. टिक, टिक, टिक. टोकापर्यंत.

फोटो काढले, चांगले काढले. घरी येऊन कात्री घेऊन बसला तेव्हा बायकोने विचारलं, "कव्हराने काय केलं आता?"

"घट्ट शिवलंयस. चाक फिरतं यानं." बोलता बोलता डावा डोळा मिटायला लागला होता.

"मी घट्ट शिवलं?" ती दारातच थांबली. "मी सैल शिवत होते. तुम्हीच डोक्यावर उभे होतात. घट्ट शीव, कुणाला पटकन काढता येता कामा नये. आठवतंय, का तेही धुरकट झालं?"

आठवत होतं. त्याने कात्री ठेवली, मेहुण्याची किल्ली उचलली आणि चपला घातल्या.

मेहुण्याच्या दाराला बाहेरचं बघायचं बारकं भिंग बसवलेलं होतं. एकडोळ्याने बेल दाबली. आत पावलं वाजली आणि भिंगातला उजेड गेला. पलीकडे डोळा आला होता. दार उघडेना. आयुष्यभर तो भिंगाच्या अलीकडच्या बाजूला राहिला होता. समोर उभं राहिलं की हातांचं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने किल्ली भिंगासमोर धरली.

"चाक कव्हर फिरवत होतं," तो दाराला म्हणाला. "आणि कव्हर घट्ट मी करून घेतलं होतं."

आतून मेहुण्याचा मऊ आवाज आला. "दाजी, जरा मागे सरका. धुरकट दिसताय."

तो एक पाऊल मागे सरला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून उभा राहिला.